नवा टीव्ही आणि जुना सेटअप बॉक्स: एसडीवरच राहायचं, एचडी घ्यायचं की सरळ ॲपवर जायचं?

मागच्या गणपतीत आबांनी गावच्या घरात ४३ इंची फोरके टीव्ही घेतला. दुकानात त्यावर मोर नाचत होता, पिसाचा एकेक धागा मोजून घ्यावा इतका क्लिअर. घरी आणून जुन्या सेटअप बॉक्सला जोडला तर बातम्या देणारी बाई मेणाची वाटायला लागली, खालची पट्टी धड वाचता येईना आणि तिच्या केसांभोवती डास घोंघावतायत असं काहीतरी दिसायला लागलं. आबा दोन दिवस काहीच बोलले नाहीत, तिसऱ्या दिवशी म्हणाले, "जुना डबाच बरा होता." आणि खरं सांगू का, ते चुकीचं बोलत नव्हते.

हेच रडगाणं आता नातेवाइकांत चौथ्यांदा ऐकतोय. दर वेळी फोनवर अर्धा तास जातो म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो, कुठल्या पर्यायात काय मिळतं आणि काय नाही ते.

आधी टीव्हीला शिव्या देणं बंद करा. एसडी, म्हणजे साध्या दर्जाच्या, चॅनेलचं चित्र जास्तीत जास्त ७२० बाय ५७६ ठिपक्यांचं असतं, म्हणजे चार लाखांच्या जरा वर ठिपके, आणि जागा वाचवायला आडवे ठिपके बऱ्याचदा त्याहूनही कमी पाठवतात. फुल एचडी म्हणजे १९२० बाय १०८०, वीस लाखांच्या वर. फोरके ३८४० बाय २१६०, जवळजवळ ८३ लाख. म्हणजे डिशवरून आलेल्या एका ठिपक्यातून तुमच्या टीव्हीला वीस ठिपके बनवायचे असतात. आमटी चार जणांची आणि पंगतीला ऐंशी पानं, मग पाणी ओतण्याशिवाय आचारी तरी काय करणार. दुकानातला मोर पेनड्राइव्हवरून चालू होता, त्याचा तुमच्या डिशशी काही संबंध नाही. दुकानदाराला मी म्हटलं एखादा एसडी चॅनेल लावून दाखवा, तर तो म्हणाला आमच्याकडे कनेक्शन नाही. टीव्हीच्या दुकानात!

जुन्या डब्यावर, म्हणजे काचेच्या नळीच्या टीव्हीवर, हे का दिसत नव्हतं? कारण हे सिग्नल त्या डब्यासाठीच बनलेले होते. काचेच्या नळीवरचा ठिपका जरा पसरट, आजूबाजूला सांडणारा, त्यामुळे सगळे दोष त्यात मुरून जायचे. शिवाय स्क्रीन २१ नाहीतर २९ इंची. त्यात एसडीचं चित्र अर्धं अर्धं येतं, सेकंदाला ५० अर्धी चित्रं, आधी एक सोडून एक ओळी आणि मग मधल्या ओळी. जुना टीव्ही ते जसंच्या तसं काढायचा, नव्या टीव्हीला मात्र दोन्ही अर्धी जोडून पूर्ण करावी लागतात, आणि टीव्ही स्वस्तातला असला की पळणाऱ्या बॅट्समनच्या कडेला कंगव्यासारखे दात दिसतात.

दुसरी भानगड दाबून भरण्याची. सॅटेलाइटच्या एका ट्रान्सपॉन्डरवर (सिग्नल खाली पाठवणाऱ्या यंत्रावर) बरेच चॅनेल कोंबलेले असतात आणि असलेली जागा त्यांच्यात वाटली जाते. स्टुडिओत एकच माणूस बसून बोलतोय तर थोडक्यात भागतं, पण विसर्जनाचं थेट प्रक्षेपण बघा, गुलाल उधळला की अख्खा रस्ता गुलाबी चौकोनांचा होतो, माणसं कुठे संपतात आणि गुलाल कुठे सुरू होतो काही कळत नाही. पाऊस, समुद्र, क्रिकेटचं गवत, सगळीकडे तेच. आणि हो, यासाठी डिशची छत्री हलवायला कुणाला पत्र्यावर चढवू नका. सिग्नल डिजिटल आहे, पुरेसा मिळाला की चित्र पूर्ण येतं, कमी पडला की फुटतं, अडकतं, नाहीतर जातं. छत्री फिरवून चेहरा जास्त रेखीव होत नाही. मुसळधार पावसात चित्र फुटतं तो वेगळा आजार, तो एचडी घेतलं तरी राहणार.

आता पर्याय.

पहिला, काहीच विकत न घेता आहे त्यातच सुधारणा. बॉक्सच्या मागे बघा. पिवळी-लाल-पांढरी पिन लावलीय आणि शेजारी एचडीएमआयचं भोक रिकामं असेल तर आजच दोनशे-तीनशेची वायर आणा. महागडी, सोन्याचं पाणी दिलेली वगैरे घेऊ नका, या कामाला साधी पुरते. पिवळ्या वायरीतून उजेड आणि रंग एकत्र येतात, टीव्ही ते वेगळे करताना गोंधळतो आणि मग मालिकेतल्या लाल साडीचा रंग शेजारच्या पांढऱ्या शर्टावर सांडतो. एचडीएमआयमुळे एवढा त्रास तरी जातो. मग टीव्हीच्या सेटिंगमध्ये जाऊन पिक्चर मोड 'व्हिव्हिड' असेल तो 'स्टँडर्ड' किंवा 'सिनेमा' करा आणि शार्पनेस जवळजवळ तळाला आणा. लोक नेमकं उलटं करतात, चित्र पुसट वाटतं म्हणून शार्पनेस वाढवतात, आणि ते डास त्यानं आणखी ठळक होतात. नॉइज रिडक्शन मध्यम ठेवा, जास्त केलं की चेहऱ्यावरची छिद्रं-सुरकुत्या जाऊन पुन्हा मेणाची बाहुली. बॉक्सच्या सेटिंगमध्ये स्क्रीन ४:३ ठेवलेला असेल तर १६:९ करा, नाहीतर सगळे कलाकार जाडे दिसतात (माझ्या मामांकडे दोन वर्षं सगळे जाडे होते, कुणाला खटकलंच नाही). एवढ्यानं फरक पडतो, पण ठिपके वाढत नाहीत. फुकटात होतंय म्हणून आधी हे करून बघाच, पैसे नंतर.

दुसरा पर्याय म्हणजे नुसता एचडी बॉक्स घ्यायचा आणि पॅक एसडीचाच ठेवायचा. बरेच लोक हे करतात, आणि नंतर फसवल्यासारखं वाटून घेतात. कस्टमर केअरवाला आम्हाला म्हणाला होता, सर बॉक्स बदला, सगळं एचडी दिसेल. कोण सगळं? एसडी चॅनेल एचडी बॉक्समध्ये घातला म्हणून एचडी होत नाही, दुधाची पिशवी तांब्याच्या कळशीत ओतली तर बासुंदी होत नाही तसं. पण अगदीच वाया जातं असंही नाही. जुन्या बॉक्सला एचडीएमआय नव्हतंच तर ते मिळतं, मेनू स्वच्छ दिसतो, आणि पुढे एखादा चॅनेल एचडीत घ्यायचा झाला तर दार उघडं असतं. बॉक्स १०८० वर ठेवायचा की कमीवर हे दोन्ही करून बघा, कधी बॉक्स चित्र बरं ताणतो, कधी टीव्ही.

तिसरा, खरंच एचडी चॅनेल घेणं. इथे मात्र फरक शेंबड्या पोरालाही दिसेल. स्टार प्रवाह, झी मराठी, कलर्स मराठी यांच्या एचडी आवृत्त्या आहेत, मालिका शूटच एचडीत होतात, त्यामुळे साडीची जर दिसते आणि किचनमधल्या बरण्यांवरची लेबलं वाचता येतात. क्रिकेटसाठी तर मी वादच घालणार नाही, एचडीच, एसडीत चेंडू शोधावा लागतो. पण अख्खा एचडी पॅक घ्यायची गरज नाही. २०१९ मध्ये ट्रायची (टेलिकॉम आणि टीव्ही सेवांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेची) नवी दरपद्धत आली तेव्हापासून चॅनेलची किंमत सुटी दिसते आणि सुटे चॅनेल निवडता येतात, फक्त त्या पद्धतीत चॅनेल मोजताना एक एचडी म्हणजे दोन एसडी धरायचे. घरात रोज लागतात ते चॅनेल मोजा, चार-पाचच्या वर जात नाहीत. तेवढेच एचडीत घ्या आणि त्यांचे एसडी जुळे भाऊ पॅकमधून काढून टाका, नाहीतर दोघांचे पैसे भराल.

हे जुळे काढणं पैशापेक्षा दुसऱ्या एका कारणासाठी महत्त्वाचं आहे. आमच्या आईला चॅनेलचा नंबर पाठ. एचडी चालू केलं, पंधरा दिवसांनी गेलो तर चित्र पुन्हा तसंच. म्हटलं काय झालं? तर आई रोज संध्याकाळी जुना तीन आकडी नंबर दाबत होती आणि गुमान एसडी बघत होती, एचडीचे पैसे भरून! एचडीचा नंबर वेगळा असतो हे आम्ही कुणी तिला सांगितलंच नव्हतं. एसडी काढून टाकल्यावर जुना नंबर दाबला की स्क्रीनवर "सबस्क्राइब करा" येतं, मग आपोआप सवय मोडते. मी रिमोटच्या पाठीला कागद चिकटवून नवे नंबर मोठ्या अक्षरात लिहून दिले.

एचडीकडून काय मिळणार नाही तेही सांगतो. अशोक सराफ-लक्ष्मीकांत बेर्डे यांचे जुने पिक्चर एचडी चॅनेलवर लागले तरी प्रिंट जुन्या टेपवरची असेल तर पुसटच दिसणार. मराठी बातम्यांचे बहुतेक चॅनेल डिशवर एसडीतच येतात, म्हणजे ज्यांच्या घरी दिवसभर बातम्याच चालतात त्यांनी एचडीवर खर्च करून काय मिळवलं हा प्रश्नच आहे. आणि बॉक्स जर अगदी जुना, एमपीईजी-२ वाला (चित्र दाबून पाठवायची जुनी पद्धत) असेल तर त्याला एचडी उघडताच येत नाही, बॉक्स बदलावाच लागतो.

केबलबद्दल थोडक्यात. मुंबईत २०१२ च्या शेवटी आणि पुणे-नागपूर-नाशिककडे २०१३ मध्ये सेटअप बॉक्स सक्तीचा झाला, तेव्हापासून केबलही डिजिटलच आहे, एसडीची गत तिथेही हीच. केबलवाल्याकडे बदलायचं एकच चांगलं कारण, नेट आणि टीव्ही एकत्र स्वस्तात देत असेल तर. आधी शेजाऱ्याकडे जाऊन त्याच केबलवर तुमचा नेहमीचा चॅनेल बघून या, दहा मिनिटांचं काम आहे.

डीडी फ्री डिशही बरेच जण विचारतात. २००४ साली डीडी डायरेक्ट प्लस म्हणून सुरू झालेली, महिन्याला एक रुपया नाही, सह्याद्री दिसतं, शेतावरच्या खोलीत किंवा आजीच्या २४ इंची टीव्हीला याच्याइतकं बरं काही नाही. पण तिथले बहुतेक चॅनेल एसडी. घ्यायचाच तर एमपीईजी-४ वाला (त्याच्या नंतरची पद्धत) बॉक्स घ्या, जुन्या प्रकारच्या बॉक्सवर काही चॅनेल दिसतच नाहीत. ५५ इंची टीव्हीला फ्री डिश लावून क्लिअर दिसत नाही म्हणून कुरकुर करणारे भेटलेत मला, त्यांना काय सांगायचं.

राहिलं ॲप. घरी फायबर असेल तर चित्राच्या बाबतीत हे सगळ्यात पुढे, मी स्वतः पुण्यात डिश केव्हाच बंद केली. झी मराठीच्या मालिका झी५ वर, प्रवाह आणि कलर्स मराठीच्या जिओहॉटस्टारवर, आणि बातम्यांची गंमत म्हणजे डिशवर जो चॅनेल धूसर दिसतो तोच यूट्यूबवर लाइव्ह फुकट असतो आणि बऱ्याचदा जास्त स्वच्छ असतो. पण गावाकडे मोबाइलच्या हॉटस्पॉटवर हे चालवणार असाल तर जपून. एचडी बघायला तासाला साधारण दीड-दोन जीबी जातात, रेंज कमी झाली की ॲप गुपचूप चित्र खाली आणतं आणि मग ते एसडी डिशपेक्षाही वाईट दिसतं. मॅच काही सेकंद मागे चालते, शेजारच्या घरात "आउट" ओरडून झाल्यावर आपल्याकडे बॉलर धावायला लागतो. शिवाय आई-आबांना नंबर दाबून चॅनेल बदलायचा असतो, त्यांना लॉगिन, प्रोफाइल, "अजून बघताय का" हे सगळं नको असतं. अँड्रॉइडवाला सेटअप बॉक्स, ज्यात डिश आणि ॲप दोन्ही एकाच रिमोटवर, तो मधला मार्ग आहे, पण घरात एक तरी माणूस तो सांभाळणारा हवा.

पैसे टाकण्याआधी टेप घेऊन सोफा ते टीव्ही अंतर मोजा, हे कुणीच करत नाही. धडधाकट डोळ्यांचा हिशेब केला तर ३२ इंची टीव्हीवर साधारण आठ फुटांच्या पुढे बसलं की एसडीचे ठिपके वेगळे दिसेनासे होतात, ४३ इंचीला साडेदहा फूट लागतात, ५५ इंचीला तेरा-साडेतेरा. दाबून भरल्याचे चौकोन लांबूनही दिसतात ते वेगळं, पण पुसटपणा अंतराने खरंच कमी होतो. आपल्या वन-बीएचकेच्या हॉलमध्ये तेरा फूट कुठून आणायचे? म्हणून ज्याला एसडीच बघायचंय त्याने ३२ वरच थांबावं असं माझं स्पष्ट मत आहे, भले दुकानदार काही म्हणो. आणि ४३ च्या वरचा टीव्ही घेतलाच असेल तर एचडीचे दोन-तीन चॅनेल हा टीव्हीच्या किमतीचाच भाग समजून चाला, बैल घेतला तर वैरण आलीच.

आबांकडे शेवटी काय केलं? एचडी बॉक्स, चार एचडी चॅनेल, त्यांचे एसडी काढून टाकले, बाकी सगळं एसडी, शार्पनेस पाचवर. बातम्या अजूनही एसडीतच आहेत, त्यामुळे सात वाजता आबा खुर्ची उचलून मागे भिंतीला टेकवतात, आणि साडेसातला मालिका लागली की आई तीच खुर्ची परत पुढे ओढते.