लाकडी मोटर लाँचच्या नावाने लावलेला चुना – सावध राहा

महायुद्धातल्या लाकडी लाँच शोधणारे, त्यांचे नंबर आणि फोटो जमवणारे वेडे आपल्याकडे फार नाहीत, पण जे आहेत त्यांच्यासाठी हे लिहितोय, कारण अशी एक लाँच तोडण्याआधी मिळवून देतो म्हणून आमच्याकडून पैसे उकळणारा माणूस आम्हाला दाखवलेले फोटो घेऊन आता पुण्यातल्या एका काकांपर्यंत पोचलाय, फक्त लाँच मुंबईत नाही तर गोव्यात आहे असं सांगतोय.

विषय एचडीएमएलचा, म्हणजे हार्बर डिफेन्स मोटर लाँच. माझे आजोबा रॉयल इंडियन नेव्हीत स्टोकर (इंजिनखात्यातले खलाशी) होते आणि ब्रह्मदेशातल्या अराकान किनाऱ्याच्या खाड्यांमध्ये असल्याच एका लाँचवर होते, तिथून मला हे लागलं. होल्ट नावाच्या नेव्हीच्या डिझायनरने 1939 ला आराखडा काढला, लांबी 72 फूट, दोन डिझेल इंजिनं, स्पीड जेमतेम अकरा-बारा नॉट. पळण्यासाठी नव्हतीच ती, बंदराच्या तोंडावर पाणबुडीची वाट बघत फिरायचं एवढंच काम. साडेचारशेच्या वर बनल्या, इंग्लंडमध्ये, अमेरिकेत, ऑस्ट्रेलियात आणि आपल्याकडे हिंदुस्थानातही. आता उरल्यात अगदी मोजक्या. इंग्लंडात गॉस्पोर्टला 1387 नंबरची 'मेडुसा' आहे, जून 1944 ला ओमाहा बीचकडे जाणाऱ्या वाटेची खूण म्हणून समुद्रात उभी राहिलेली, ती अजून चालते. ऑस्ट्रेलियातली 1321 ही 2016 मध्ये डार्विनला बुडाली, मग वर काढली. न्यूझीलंडमध्ये काही टिकल्यात. पण भारतात बांधलेली एकतरी कुठे शिल्लक आहे का, हा आमचा तिघा मित्रांचा शोध, आणि नेमकी तीच दुखरी जागा त्या माणसाने पकडली.

अशा शिल्लक लाँचची आमची यादी ओळखीपाळखीत फिरते, तिच्यात कुठली माहिती अजून हवीय तेही लिहिलेलं असतं, म्हणजे त्याला काहीच शोधावं लागलं नाही. फोन आला, बोलणं एकदम गोड, "साहेब तुम्ही जे शोधताय ते माझ्याकडे पडलंय", दारूखान्याला (मुंबईत जिथे जुनी जहाजं तोडतात तिथे) एका प्लॉटमध्ये मुंबईतच बांधलेली एचडीएमएल आहे, मालक म्हातारा झालाय, भंगारवाल्याशी सौदा झालाय आणि सोमवारी तोडायला घेणार. व्हॉट्सॲपवर फोटो आले आणि खरं सांगतो, फोटो अस्सल होते. मागच्या बाजूला कडेने जो जाड लाकडी पट्टा असतो ना तो स्पष्ट दिसत होता. हा पट्टा या लाँचची ओळखच आहे, त्याच्यामुळे लाँच एका कुशीवर कलली की डेप्थ चार्जचे (पाणबुडीवर टाकायच्या बाँबचे) पिंप लाँचपासून लांब पडायला मदत व्हायची असं सांगतात. असा पट्टा कोण मुद्दाम खोटा बनवेल?

मग टोकन म्हणून 15,000 यूपीआयने. दुसऱ्या दिवशी गेटपास आणि 'होल्डिंग'चे 18,500, कारण म्हणे भंगारवाला ऐकत नाहीये. तिघांत वाटून दिले. आणि त्यानंतर क्रेन आणि एनओसीसाठी 60,000 मागितले, सोबत विश्वास बसावा म्हणून लाँचच्या जुन्या लॉगबुकच्या (रोजच्या नोंदींच्या वहीच्या) पानांचे फोटो पाठवले, पिवळी पानं, शाई फुटलेली, कडेला वाळवी लागलेली, एकदम झकास.

तिथेच तो गंडला. पानावर नंबर होता एमएल चारशे काहीतरी. अहो एचडीएमएलचे नंबर सुरूच होतात 1001 पासून! चारशेचे नंबर फेअरमाइल बी या दुसऱ्या जातीचे, ती लाँच 112 फुटांची, पेट्रोलवर चालणारी, वीस नॉटच्या आसपास पळणारी, तिचीही एक शिल्लक आहे इंग्लंडात हार्टलपूलला, 497 नंबरची. आणि खाली नोंद काय, तर "पेट्रोल भरलं". 72 फुटांच्या डिझेल लाँचमध्ये पेट्रोल कोण भरतं बाबा? दोन वेगवेगळ्या जातींची माहिती गोळा करून एकात कालवली होती, फोटो एकीचे, कागद दुसरीचे.

मग फोटो मोठे करून बघितले तेव्हा एका फोटोत नाळेवर (लाँचच्या पुढच्या टोकावर) रंगाखाली 'पी 35' एवढं पुसट वाचता आलं, पुढचं खोडलेलं. न्यूझीलंड नेव्हीने युद्धानंतर आपल्या एचडीएमएलना असे पी 35 वाले नंबर दिले होते, 'कुपारू' नावाची जी तिथे दुरुस्त करून ठेवलीय ती पी 3563. म्हणजे लाँच खरी, फक्त दारूखान्याला कधी आलेलीच नाही. शिवाय न्यूझीलंडच्या त्या सगळ्या अमेरिका-कॅनडात बांधलेल्या, त्यामुळे मुंबईत बांधलेली वगैरे सगळी भाकडकथा.

आमच्यातला एकजण भायखळ्याला राहतो, तो सांगितलेल्या पत्त्यावर जाऊन आला. तिथे सगळं लोखंडाचं गॅस कटिंग चाललेलं, वॉचमन म्हणाला लाकडाची असली काही लाँच इथे नाही, आणि तुमच्याआधी अजून एक साहेब हेच विचारायला आले होते. हे ऐकून मात्र डोकं फिरलं, म्हणजे आम्ही पहिले नव्हतो.

1930 वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला, सायबर क्राइमच्या पोर्टलवर तक्रार टाकली, तक्रार नंबर मिळाला. ज्या खात्यात पैसे गेले ते कुणा भलत्याच माणसाच्या नावावर निघालं आणि त्यातले बहुतेक तासाभरात पुढे गेलेले. सायबरवाल्यांनी सांगितलं की पैसे गेल्या गेल्या फोन केला असता तर अडवायची शक्यता जास्त असते, म्हणून कुणाला असा अनुभव आला तर आधी 1930, मग त्या माणसाला शिव्या. आम्ही उलटं केलं नाही एवढंच, पण लॉगबुक येईपर्यंत दिवस निघून गेले होते.

पुण्याच्या काकांना मी सांगितलंय, त्याला व्हिडिओ कॉल लावायला सांगा आणि तीन गोष्टी दाखवायला लावा: इंजिनावरची पाटी, आतून फळ्या (दोन थर असतात, एकमेकांना तिरके, मध्ये तेलात भिजवलेलं कापड), आणि टेप लावून लांबी. रजिस्टर झालेली असेल तर मुख्य तुळईवर कोरलेला ऑफिशियल नंबरही बघा. काकांनी हे विचारल्यावर त्याने रेंज नाही म्हणून फोन ठेवला, आणि संध्याकाळी मेसेज केला की दुसरं गिऱ्हाईक तयार आहे, 20,000 आत्ता टाका. काकांनी टाकले नाहीत. नंबर बदलून तो परत येईल, फोटो बहुतेक तेच असतील, नाळेवर खोडलेला आकडा बघून ठेवा.