पेंग्विन दिसले तिथेच थांबायला हवं होतं

एकतीस वर्षं बँकेत काढली, त्यातली बरीचशी कॅशच्या खिडकीमागे. नोट हातात आली की खरी-खोटी बोटांना कळायची. आंब्याचंही तसंच. कर्नाटकातली पेटी देवगडच्या नावाने विकणारे दर मोसमात भेटतात. देठाशी नाक नेलं की मला समजतं. असा मी माणूस, गेल्या वर्षी अलास्काच्या टूरच्या नावाखाली एका टूरवाल्याकडून दहा लाख दोन हजार रुपयांना बुडालो. सौ. म्हणते, लिहू नका, लोक हसतील. हसू देत. याच गृहस्थाने आमच्यासारखी आणखी पाच घरं धुतल्याचं पुढे कळलं. त्यातल्या एकाने जरी आधी तोंड उघडलं असतं तरी आमचे पैसे वाचले असते.

सुरुवात २०२३ च्या दिवाळीत झाली. गणपतीपुळ्याच्या किनाऱ्यावर निळ्या देवमाशाचं पिल्लू लागलं होतं. मुलगा, सून आणि दोन्ही नातवंडं पुण्याहून आमच्याकडे गुहागरला आलेली. तवसाळहून फेरीबोटीत गाडी घातली, जयगडला उतरलो आणि पुळ्याला गेलो. एवढा मोठा जीव, ओली कापडं टाकून माणसं त्याच्यावर पाणी मारतायत. खोल समुद्रात नेऊन सोडलं तर ते परत आलं आणि शेवटी गेलंच. नात तेव्हा नऊ वर्षांची. परतताना फेरीबोटीत ती कोणाशी बोलली नाही. रात्री आजीला म्हणाली, "आजी, मला जिवंत देवमासा बघायचाय."

मग वर्षभर घरात देवमासेच. सुनेने शोधून काढलं की अमेरिकेतल्या अलास्काला उन्हाळ्यात कुबड्या देवमासे हमखास दिसतात. हिवाळ्यात ते हवाईकडे पिल्लं घालायला जातात आणि उन्हाळ्यात अलास्काच्या थंड पाण्यात पोट भरायला परततात. कॅनडातल्या व्हँकुव्हरहून जहाजात बसायचं, बेटांच्या आडोशाने सात रात्री फिरायचं. वाटेत केचिकान, जूनो, स्कॅगवे आणि ग्लेशियर बे. अस्वलं, समुद्री पाणमांजरं, पांढऱ्या डोक्याचे गरुड, डोळ्यांदेखत पाण्यात कोसळणारे बर्फाचे कडे. जूनो ही अलास्काची राजधानी असून तिथे बाहेरून रस्त्याने जाताच येत नाही, बोट नाहीतर विमान. हे वाचून मी म्हटलं, म्हणजे आपल्या खाड्यांसारखंच की!

मोठ्या कंपन्यांचे दर ऐकून मात्र गप्प बसलो. तेवढ्यात हा भेटला.

तो परका नव्हता, खरी मेख तिथेच. माझ्याबरोबर काम केलेल्या एकाच्या नात्यातला. जिल्ह्याच्या ठिकाणी ऑफिस, वर काचेचं दार, आत गणपती. आमच्या आळीतल्या दोन जोडप्यांना त्याने अंदमानला नेऊन आणलेलं, आणि चांगलं नेऊन आणलेलं. २०२४ च्या नोव्हेंबरात तो स्वतः घरी आला. पडवीत झोपाळ्यावर बसला, सौ.च्या हातची आंबोळी खाल्ली, नातीसाठी देवमाशाचं चित्र असलेला टीशर्ट ठेवून गेला. "काका, तुम्ही फक्त बॅगा भरा. बाकी सगळं माझ्यावर." माणशी दोन लाख साठ हजार, विमानासकट. सगळा गट मराठी, जहाजावर आपला आचारी, एक दिवस उकडीचे मोदक. तो गेल्यावर सौ. म्हणाली, "देवमासा दिसेल तेव्हा दिसेल, देवमाणूस तर भेटला." हे वाक्य आता आमच्या घरात कोणी उच्चारत नाही.

त्याच्या माहितीपत्रकावर, गुळगुळीत कागदावर, बर्फात पेंग्विन उभे होते. मागे पांढरं अस्वल, वर हिरवे ध्रुवीय प्रकाश. नातीने राणीच्या बागेत पेंग्विन बघितलेले आणि तिथल्या पाट्या तिला पाठ. ती म्हणाली, "आजोबा, पेंग्विन खाली असतात, दक्षिणेला. हे वर आहे." आम्ही कौतुकाने हसलो. त्यालाही दाखवलं. तोही हसला. "छपाईवाल्याची गंमत. हुशार आहे हो पोरगी."

आता ते माहितीपत्रक बघतो तेव्हा एकेक चूक दिसते. पांढरी अस्वलं अलास्काच्या पार उत्तरेकडच्या किनाऱ्यावर. क्रूझ जाते त्या भागात तपकिरी आणि काळी. जूनच्या सुरुवातीला तिथे रात्र धड काळोखी होतच नाही, मग ध्रुवीय प्रकाश दिसणार कुठून? आणि निरभ्र निळं आकाश. केचिकानला तर कोकणासारखाच धो धो पाऊस. आगोटीची बेगमी करून, पावसाच्या तोंडावर घर सोडून आम्ही पावसातच जाणार होतो. ज्याने अलास्काची टूर एकदा जरी नेली असती त्याने असा कागद छापला नसता. चित्रांची चूक म्हणून सोडून दिली, पण खरं तर त्या माणसाला तो भागच माहीत नव्हता.

पैसे असे गेले. नोव्हेंबरात माणशी पन्नास हजारप्रमाणे तीन लाख मी भरले. गेल्या दोन मोसमांचा आंब्याचा पैसा होता. फेब्रुवारीत माणशी नव्वद हजार, म्हणजे पाच लाख चाळीस हजार, मुलाने. परदेशी टूरवर टीसीएस, म्हणजे टूरवाल्याने आपल्याकडून घेऊन सरकारात भरायचा आगाऊ आयकर, लागतो, तेव्हा सात लाखांपर्यंत पाच टक्के होता, म्हणून माझ्याकडून पंधरा आणि मुलाकडून सत्तावीस हजार रोख घेतले. "भरतो मी, तुमच्या पॅनवर दिसेल, रिटर्न भरताना वळते करून घ्या." नियम अगदी बरोबर सांगितला. माझ्या मनातली उरलीसुरली शंका तिथे गेली. नियम माहीत असलेला माणूस तो पाळणारही, असं बँकवाल्यांना उगाच वाटतं.

आणि खातं? आरटीजीएस करताना लाभार्थीचं नाव कंपनीचं नव्हतं, एका बाईचं होतं. विचारलं तर म्हणाला, "मिसेसचं आहे काका, चालू खात्याची मर्यादा संपली." चालू खात्याला कसली मर्यादा? माझ्यासमोर एखाद्या खातेदाराने हे सांगितलं असतं तर मी त्याला तिथेच थांबवलं असतं. स्वतःची स्लिप भरताना हात थांबला नाही. पावतीवर जीएसटी नंबर होता. पहिले दोन आकडे २७, म्हणजे महाराष्ट्र, एवढं बघून मी समाधान मानलं. तो नंबर जीएसटीच्या साइटवर टाकला की नोंदणी कोणाची, चालू आहे की रद्द, हे फुकट दिसतं. मी तो टाकला एप्रिलमध्ये. रद्द झालेली नोंदणी, नाव भलत्याच दुकानाचं.

व्हिसाचं प्रकरण तर सांगायलाही लाज वाटते. अमेरिकेच्या व्हिसाची सरकारी फी १८५ डॉलर, तेव्हाचे साधारण सोळा हजार. त्याने माणशी वीस हजार मागितले, रोख. वरचे चार हजार धावपळीचे. खटकलं नाही. "गटाचा व्हिसा होतो, मुलाखत लागत नाही, जहाज पास मिळतो," म्हणाला आणि सहाही पासपोर्ट घेऊन गेला. असा कुठला पास नसतो. जहाज अमेरिकेच्या बंदरात लागणार म्हणजे अमेरिकेचा व्हिसा हवा, व्हँकुव्हरहून चढायचं म्हणजे कॅनडाचाही हवा. अमेरिकेसाठी प्रत्येकाचा स्वतंत्र अर्ज, आणि आमच्यासारख्या पहिल्यांदा जाणाऱ्या मोठ्या माणसाला मुंबईला बीकेसीतल्या वकिलातीत स्वतः उभं राहावं लागतं. त्या तारखेसाठी लोक महिनोन् महिने थांबतात. पासपोर्ट जमा होतो तो मुलाखतीनंतर, आधी नाही. आमच्या ओळखीत दोन घरांतली मुलं अमेरिकेत आहेत. एक फोन केला असता तर पाच मिनिटांत कळलं असतं. केला नाही, कारण परत आल्यावर फोटो पाठवून सगळ्यांना चकित करायचं होतं.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात तो उरलेल्या रकमेसाठी मागे लागला. टूर ३१ मे ते ७ जून. सून म्हणाली, आधी जहाज कंपनीचा बुकिंग नंबर द्या. कुठल्याही क्रूझचं बुकिंग झालं की कंपनी नंबर देते. तो आणि आडनाव टाकून कंपनीच्या साइटवर आपली केबिन आपल्याला बघता येते. हा म्हणे, गटाचा नंबर शेवटच्या आठवड्यात फुटतो. सुनेला ते पटलं नाही. ती आणि नात रात्री लॅपटॉप घेऊन बसल्या.

ग्लेशियर बे हे राष्ट्रीय उद्यान आहे. तिथे दिवसाला फक्त दोन मोठी प्रवासी जहाजं सोडतात आणि कुठल्या तारखेला कुठली, ते वेळापत्रक उद्यानवाले आधीच साइटवर लावतात. आमच्या कार्यक्रमपत्रिकेत ४ जून, ग्लेशियर बे. नातीने ४ जून काढला. दोन जहाजं होती. आमचं नव्हतं. आदल्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही, अख्ख्या महिन्यात नाही. मग जहाज कंपनीची साइट उघडली. आमचं जहाज तो सगळा उन्हाळा भूमध्य समुद्रात होतं.

रात्री साडेअकराला फोन आला. मुलगा एवढंच म्हणाला, "बाबा, उद्या त्याला फोन करू नका. आधी पासपोर्ट." हे त्याने शहाणपणाचं केलं. व्हिसासाठी फोटो बदलून द्यायचाय, सही राहिलीय, अशी निमित्तं काढत तीन दिवस गेले. चौथ्या दिवशी मी थेट गेलो तर काचेच्या दाराला कुलूप. शेजारच्या झेरॉक्सवाल्याने मला बघून टेबलाखालून एक पिशवी काढली. "काका, हे तुमचं ठेवून गेलेत." सहाही पासपोर्ट. एकावरही शिक्का नाही. पिशवी अंदमान टूरची होती.

त्याच रात्री आयकराच्या साइटवर २६एएस, म्हणजे आपल्या पॅनवर जमा झालेल्या कराचा उतारा, उघडला. माझ्याकडून नोव्हेंबरात घेतलेला टीसीएस जानेवारीअखेर तिथे दिसायला हवा होता. काही नव्हतं. हा एक कागद मी फेब्रुवारीत उघडला असता तर मुलाचे पाच लाख चाळीस हजार तरी वाचले असते. त्या रात्री मला झोप लागली नाही ती पैशापेक्षा या एका गोष्टीने.

पुढचं थोडक्यात. १९३० वर, सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन केला. त्यांनी नीट ऐकून घेतलं, पण पैसे जाऊन महिने झाले होते, खात्यात अडवायला काही उरलं नव्हतं. तो नंबर पहिल्या काही तासांत लावायचा असतो. पोलीस ठाण्यात आधी "हा दिवाणी मामला" असं ऐकलं; बाकीच्या घरांना बरोबर घेऊन गेलो तेव्हा फसवणुकीचं कलम लागलं, भारतीय न्याय संहितेतलं ३१८(४). तिथेच उलगडा झाला: आमचे पैसे त्याने आधीच्या दुबईच्या गटाला न्यायला वापरले होते, आणि त्यांचे अंदमानला. याची टोपी त्याला. आळीतली ती दोन जोडपी चांगली फिरून आली ती अशी कोणाच्या तरी पैशावर. त्यांना सांगितलं तर बिचारी आता आमच्याशी डोळ्याला डोळा देत नाहीत.

ग्राहक आयोगात जिल्ह्यालाच तक्रार केली. पन्नास लाखांपर्यंतचा व्यवहार तिथे चालतो, वकील लागतोच असं नाही. पण रोख दिलेल्या एक लाख बासष्ट हजारांची पावती नव्हती. त्यामुळे तक्रार आठ लाख चाळीस हजारांचीच. त्या रकमेला फी दोनशे रुपये. बाकीचे कुठे लिहू?

एका गोष्टीत मात्र तो माझ्या अंगणात आला. मे महिन्यात मध्यस्थाकडून दोन लाखांचा चेक पाठवला, "काकांना सांगा, रागावू नका." चेक परत आला, अपुरी शिल्लक. बँकेचा मेमो हातात आल्यापासून तीस दिवसांत नोटीस जावी लागते, नोटीस मिळाल्यावर पैसे द्यायला पंधरा दिवस, आणि नाही दिले तर पुढच्या महिन्याभरात कोर्टात तक्रार. कित्येक खातेदारांच्या या मुदती मी आळसापायी हुकलेल्या बघितल्यात. माझी नोटीस तिसऱ्या दिवशी गेली. पहिल्या तारखेआधी वकिलामार्फत साठ हजार आले. बाकीची तारीख पडते आहे.

दिवाळीत नातवंडं आली होती. पासपोर्ट आता सौ.च्या लोखंडी ट्रंकेत, पैठणीच्या खाली. नातीने लॅपटॉपवर पुन्हा ते वेळापत्रक उघडलं होतं, ४ जूनचं, आमच्या दिवसाचं. दोन जहाजांची नावं तिने आजीला वाचून दाखवली. सौ. डाळिंब्या सोलत होती. जरा थांबली आणि म्हणाली, "बघ गो, त्यांना दिसला असेल का देवमासा?"