पास्त्यासाठी स्लो कुकर की शिटीचा कुकर?

घरात शिटीचा कुकर असताना स्लो कुकर, म्हणजे मंद आचेवर तासन्तास शिजवणारं विजेचं भांडं, कशाला, हा प्रश्न रास्त आहे. वरण, भात, बटाटे यांसाठी शिटीच्या कुकरला पर्याय शोधायची गरजच नाही. पण आठवड्यातून एकदा पोरं पास्ता मागतात, आई-बाप दोघंही कामावरून सातच्या सुमारास घरी येतात आणि आठ-साडेआठला सगळ्यांना जेवायचं असतं. ही तुलना तेवढ्या एका कामापुरती आहे. खान्देशातल्या आमच्या ओट्यावर दोन्ही कुकर आहेत. पास्ता दोन्हींत होतो आणि दोन्हींत बिघडतोही, फक्त बिघडायची कारणं वेगळी असतात.

कुकर कोणताही असो, आधी पुडा उलटून बघा. ड्युरम गव्हाच्या रव्याचा पास्ता, म्हणजे आपल्या बन्सी गव्हाच्या जातकुळीतला, शिजल्यावर आकार धरून राहतो. स्वस्तातल्या पुड्यात मैदा किंवा साध्या गव्हाचा रवा असतो. तो शिटीच्या कुकरमध्ये एखाद्या वेळी निभावतो, पण स्लो कुकरमध्ये त्याची खळ होते. पेने (आखूड नळ्या) किंवा फुसिली (पिळाचा पास्ता) घ्या. स्पॅगेटी (लांब काड्या) दोन्हीकडे गठ्ठ्याने चिकटते.

शिटीच्या कुकरची रीत अशी. ५ लिटरच्या कुकरमध्ये मोठे २ चमचे तेल, १ कांदा, लसणाच्या ५-६ पाकळ्या आणि अर्धा किलो टोमॅटो परता. टोमॅटो मऊ पडले की २ कप (सुमारे ५०० मिली) गरम पाणी घालून तळ उलथन्याने नीट खरवडून घ्या. हे खरवडणं टाळलं तर टोमॅटोचा गर हमखास तळाला लागतो. मग २५० ग्रॅम पेने आणि मीठ. पाणी पास्त्याच्या जेमतेम वर यायला हवं. मोठ्या आचेवर १ शिटी, मग अगदी मंद आचेवर २ मिनिटं, आणि गॅस बंद. फोडणीपासून ताटापर्यंत अर्ध्या-पाऊण तासात काम होतं. वेग हाच निकष असेल तर इथे वादच नाही.

अडचण आहे ती फेसाची. पास्ता उकळायला लागला की त्याचा स्टार्च पाण्यात उतरतो, पाणी दाटसर होतं आणि बुडबुडे फुटायच्या ऐवजी एकावर एक चढत झाकणापर्यंत येतात. शिटी झाली की वाफेबरोबर लालसर चिकट पाणी उडतं. ते ओट्यावर, बर्नरवर, मागच्या टाइल्सवर बसतं आणि वाळलं की ओल्या फडक्याने निघत नाही. पसारा पुसता येईल, पण हाच फेस शिटीखालच्या नळीतही वाळतो, आणि तो जास्त काळजीचा आहे. नळी तुंबली की वाफेला वाट उरते ती सेफ्टी वॉल्व्हचीच. भातही फेसाळतो, पण बऱ्याच घरांत भात डब्यात लावतात, म्हणून झाकणाची नळी स्वच्छ राहते. पास्ता थेट कुकरमध्ये असतो. अमेरिकेतल्या प्रेशर कुकरच्या जुन्या माहितीपुस्तकांत मॅकरोनी, नूडल्स, स्पॅगेटी हे फेसाळणारे पदार्थ लावू नयेत असं सरळ छापलेलं असे. आपल्याकडे सर्रास लावतात आणि बहुतेक वेळा काही होत नाही, हेही खरं. तरी पास्ता लावण्याआधी आणि झाल्यावर झाकण उजेडाकडे धरून नळीतून आरपार दिसतं का ते बघायचंच.

फेस कमी करायचे उपाय आहेत. वरून चमचाभर तेल सोडा, पहिल्या शिटीनंतर आच लगेच उतरवा आणि कुकर अर्ध्याच्या वर अजिबात भरू नका. पण या तिसऱ्या अटीतच सहा माणसांचं घर अडकतं. ४०० ग्रॅम पास्ता, किलोभर टोमॅटो आणि भाज्या ५ लिटरच्या कुकरमध्ये घातल्या की अर्ध्याची खूण केव्हाच ओलांडली जाते. मग दोन घाणे करायचे किंवा साडेसात लिटरचा कुकर काढायचा. दोन घाणे म्हणजे दोनदा वाफ जिरायची वाट बघणं आलं. शिटी उचलून वाफ सोडायला गेलात तर पुन्हा तोच फेस अंगावर येतो. आपोआप वाफ जिरेपर्यंत ८-१० मिनिटं जातात आणि तेवढ्यात पास्ता आत शिजतच राहतो. कुकरचं अंग नळाखाली धरून तो निववणं त्यातल्या त्यात बरं, पाणी फक्त शिटीवर पडू द्यायचं नाही.

स्लो कुकरमध्ये दाब नाही, शिटी नाही, त्यामुळे ही कटकट मुळातच नाही. आमच्यापुरता तराजू तिथेच झुकला. बाकीचे फायदे-तोटे नंतर लक्षात आले.

साडेचार लिटरच्या भांड्यात पाच-सहा जणांचं प्रमाण असं बसतं: १ किलो टोमॅटो, २ मोठे कांदे, लसणाच्या १० पाकळ्या, २ गाजरं, मोठे ३ चमचे तेल, २ लहान चमचे मीठ, १ चमचा लाल तिखट, सुपारीएवढा गूळ. चिराचिरी रात्री करून ठेवा. सकाळी कढईत कांदा-लसूण चांगला लालसर परता, तिखट तेलात फुलू द्या, टोमॅटो-गाजर घालून एक उकळी आणा आणि मगच भांड्यात ओता. ही पायरी गाळू नका. स्लो कुकर फार तर उकळीच्या जवळ जातो, त्यात कांदा लाल होत नाही. कच्चा टाकलेला कांदा आठ तासांनीही उकडल्यासारखाच लागतो, आणि तिखटाचा कच्चा वास संध्याकाळपर्यंत तसाच राहतो. कुकरचं आतलं चिनी मातीचं भांडं फ्रिजमधून काढून तापलेल्या बाहेरच्या भांड्यात ठेवू नका आणि गरम भांड्यात गार पाणी ओतू नका, तडा जातो. रस्सा ओतण्याआधी कुकर पंधरा मिनिटं रिकामाच चालू ठेवला तर भांडं कोमट होतं.

झाकण लावून ‘लो’वर ७-८ तास. पाणी घालायचं नाही. इथे पाणी आटत नाही, टोमॅटोचंच सुटलेलं तसंच राहतं. आपल्या हाताला वाटीभर पाणी ओतायची सवय असते, म्हणून पहिल्या वेळी रस्सा हटकून पातळ होतो. मध्ये झाकण उघडून डोकावू नका, दर वेळी गेलेली उष्णता भरून यायला पंधरा-वीस मिनिटं लागतात.

संध्याकाळी घरी आल्यावर रस्सा रवीने घोटा, कुकर ‘हाय’वर करा, अडीच कप (६०० मिली) खळखळ उकळलेलं पाणी आणि ४०० ग्रॅम पेने घाला. सगळा पास्ता बुडालेला हवा. २५ ते ३० मिनिटं, मध्ये बाराव्या मिनिटाला एकदाच तळापासून हलवायचं. पाणी उकळतंच लागतं. गार पाणी घातलं तर भांडं पुन्हा तापायला बराच वेळ घेतं, तोवर पास्ता कोमट पाण्यात भिजून फुगतो आणि त्याचा लगदा होतो. स्लो कुकरचा पास्ता गिळगिळीत होतो अशी तक्रार ऐकू येते, तिच्यामागे बहुतेक वेळा हे एकच कारण असतं किंवा पास्ता सकाळीच घातलेला असतो. क्रीम, साय, चीज, पनीर कुकर बंद करून शेवटी घाला. आंबट रस्स्यात तासन्तास तापलं की दूध फाटतं.

आता स्लो कुकरची कच्ची बाजू, आणि खान्देशात ती मोठी आहे. लाईट. जळगाव, धुळे शहरात निभतं, पण यावल-रावेरकडे किंवा शिरपूर-शहाद्याच्या गावांत दिवसा लाईट कधी जाईल याचा भरवसा देता येत नाही. वीस मिनिटं-अर्धा तास गेली तर जाड भांडं उष्णता धरून ठेवतं, चिंता नको. तुम्ही घरी नसताना किती वेळ गेली हेच कळलं नाही तर मात्र पंचाईत. अन्न ६० अंशांच्या खाली तासन्तास राहिलं की त्यात जंतू वाढतात, आणि नंतर लाईट येऊन ते पुन्हा गरम झालं तरी भरवसा धरता येत नाही. शंका असेल तर ते खाऊ नये. ज्यांच्याकडे दिवसाच्या लाईटचा पत्ता नसतो त्यांनी रस्सा रात्री लावावा: दहाला चालू, सकाळी बंद, उथळ भांड्यात निववून फ्रिजमध्ये. संध्याकाळी तो गॅसवर उकळून मग कुकरमध्ये घाला, गार रस्सा तापवायचं काम स्लो कुकरला देऊ नका.

व्होल्टेजचा मुद्दा फारसा कोणी सांगत नाही. केळी-कापसाच्या पाण्यासाठी मोटारी चालू झाल्या की गावात व्होल्टेज उतरतं. तापणाऱ्या तारेची ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटते, म्हणजे २३० ऐवजी १८० व्होल्ट मिळाले तर २०० वॅटचा कुकर जेमतेम सव्वाशे वॅटचं काम करतो. दिवा किंचित मंद दिसतो, पण पास्त्याला अर्ध्या तासाऐवजी पाऊण तास लागतो. अशा वेळी घड्याळाकडे बघू नका, एक नळी दाताखाली धरून बघा.

विजेचा खर्च किरकोळ आहे, २०० वॅट सात तास म्हणजे दीड युनिटच्या आत. गॅस याहून स्वस्त पडेल, पण या फरकावर निर्णय घ्यावा असं वाटत नाही. उन्हाळ्याचं मात्र वेगळं आहे. भुसावळ-जळगावात मे महिन्यात पारा ४४-४५ वर असतो, तेव्हा संध्याकाळी गॅसपुढे उभं राहणं नको होतं. स्लो कुकर मागच्या पडवीत ठेवता येतो, फक्त सॉकेट पक्का आणि पोरांच्या हाताबाहेर हवा. त्याच दिवसांत ‘उशिरा चालू हो’ असा टायमर वापरू नका, चिरलेले टोमॅटो आणि चिकन तापल्या घरात तीन तास तसेच पडून राहतील.

चिकन घालायचं तर हाडांसकट मांडीचे तुकडे घ्या, छातीचं मांस सुकतं. राजमा घालायचा असेल तर रात्रभर भिजवून आणि ते पाणी फेकून शिटीच्या कुकरमध्ये पूर्ण शिजवून मगच घाला. कच्च्या राजम्यातलं विषारी द्रव्य मारायला किमान १० मिनिटांची खळखळ उकळी लागते आणि स्लो कुकर ती देत नाही, उलट टोमॅटोच्या आंबटपणाने दाणा टणक राहतो. म्हणजे शिटीचा कुकर घराबाहेर जाणार नाही, निश्चिंत राहा.

वांगं मात्र जरूर घालून बघा. सिसिलीत वांग्याचा आणि टोमॅटोचा पास्ता करतात, त्याला नोर्मा म्हणतात, आणि भौगोलिक मानांकन मिळालेलं जळगावचं भरताचं हिरवं वांगं त्याला फार शोभतं. पाव किलो फोडी तेलात लाल परतून रस्स्यात घाला; आठ तासांत त्या विरघळून रस्सा दाट होतो आणि पातळपणाची तक्रार आपसूक मिटते. पाव चमचा काळा मसाला चालतो, त्याहून जास्त घातला तर मग शेवभाजीच करावी. शेवेचं म्हणाल तर ताटात वाढल्यावर वरून जाड तिखट शेव भुरभुरवा. सिसिलीचे लोक काही पास्त्यांवर चीजऐवजी तेलात परतलेला पावाचा चुरा घालतात, तोच कुरकुरीतपणा शेव देते.

तीन-चार माणसांचं घर असेल, जेवायचं आयत्या वेळी ठरत असेल किंवा दिवसाच्या लाईटचा काहीच नेम नसेल, तर शिटीचा कुकरच बरा, नवीन काही घेऊ नका. त्याची रिंग, शिटी, वॉल्व्ह कोणत्याही तालुक्याच्या बाजारात मिळतात. स्लो कुकरचं भांडं फुटलं तर तसंच दुसरं मिळवायला शोधाशोध करावी लागते. घरातली माणसं सातपासून दहापर्यंत एकेक करून जेवत असतील तर रस्सा स्लो कुकरमध्ये गरम ठेवा आणि पास्ता गॅसवर वेगळा उकडा. रस्स्यात मिसळलेला पास्ता वीस मिनिटांनंतर फुगत जातो.

पाच-सहा जण एकदम जेवायला बसत असतील आणि सकाळी वीस मिनिटं हाताशी असतील, तर मात्र स्लो कुकरचा विचार जरूर करा. घ्याल तो फिरवायच्या बटणाचा घ्या. पडद्यावर आकडे दाखवणारे बरेच कुकर लाईट गेली की बंद पडतात आणि परत आली तरी बंदच राहतात. काही थोडा वेळ लक्षात ठेवतात, ते माहितीपुस्तकात बघावं लागतं. बटणाचा कुकर लाईट आली की होता तिथून पुन्हा तापायला लागतो. दुकानात कुकर ‘लो’वर लावायला सांगा, सॉकेटचं बटण बंद करा आणि मिनिटभराने चालू करा. कुकरला हात न लावता दिवा लागला, तर तो खान्देशात चालेल.