कार्ड घासायचं मशीन ठेवावं, की क्यूआर पुरे?

सांगलीत मी दहा-बारा दुकानांचा जमाखर्च बघतो. साड्यांच्या दुकानाचे एक मालक परवा म्हणाले, "साहेब, या मशीनचं भाडं कशाला भरायचं? क्यूआरवर सगळं फुकटात येतंय की."

घोळ या "सगळं"मध्ये आहे. गिऱ्हाईक यूपीआयने बँक खात्यातून पैसे देतं, तेव्हा दुकानदाराला खरंच काही पडत नाही. १ जानेवारी २०२० पासून यूपीआय आणि रुपे डेबिट कार्डावरची वटणावळ, म्हणजे दुकानदाराच्या रकमेतून कापलं जाणारं शुल्क, बँकवाले ज्याला एमडीआर म्हणतात ती, शून्य आहे. पण २०२२ पासून रुपेचं क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडता येतं. काउंटरवरून दोन्ही सारखंच दिसतं: मोबाइल धरला, पिन टाकला, डबा बोलला. अशा क्रेडिट व्यवहारावर छोट्या दुकानदाराला २,००० रुपयांपर्यंत वटणावळ नाही. त्याच्या वर मात्र मशीनवर कार्ड घासल्यासारखीच कापली जाते. शिवाय काउंटरवरचा क्यूआर मुलाच्या बचत खात्याचा असेल, तर क्रेडिट कार्डाचे पैसे त्यावर येणारच नाहीत. त्यासाठी व्यापारी म्हणून काढलेला क्यूआर लागतो.

आता मशीन. क्रेडिट कार्ड टेकवलं की मागणी मशीन देणाऱ्या बँकेकडे जाते, तिथून रुपे, व्हिसा किंवा मास्टरकार्डच्या जाळ्यातून कार्ड देणाऱ्या बँकेकडे, आणि दोन-तीन सेकंदांत होकार येतो. या क्षणी पैसे हललेले नसतात. कार्डाच्या मर्यादेतून तेवढी रक्कम फक्त बाजूला काढलेली असते. रात्री मशीनची बॅच, म्हणजे दिवसभराच्या व्यवहारांची यादी, बंद होते, तेव्हा खरा हिशेब सुरू होतो आणि साधारण दुसऱ्या कामाच्या दिवशी रक्कम खात्यात येते. गिऱ्हाईक मात्र बिल महिन्या-दीड महिन्याने भरणार. मधली उधारी आणि बुडण्याची जोखीम कार्ड देणाऱ्या बँकेची, म्हणून वटणावळीतला मोठा वाटा तिलाच जातो. मशीनवाल्या बँकेशी घासाघीस करूनही दर फारसा उतरत नाही तो यामुळे.

रुपे सोडून बाकी डेबिट कार्डांच्या दराला रिझर्व्ह बँकेने २०१८ पासून कमाल मर्यादा घातली आहे. मशीनवर, वार्षिक उलाढाल २० लाखांपर्यंत असेल तर ०.४० टक्के, त्यापुढे ०.९० टक्के. क्रेडिट कार्डाला अशी मर्यादा नाही. दीड ते सव्वादोन टक्के धरून चाला. कंपन्यांच्या नावाची कार्डं याहून महाग पडतात.

आमच्या या मालकांचा दर १.८ टक्के. १०,००० ची साडी क्रेडिट कार्डावर गेली की १८० रुपये वटणावळ, तिच्यावर १८ टक्के जीएसटी ३२.४०, आणि खात्यात येतात ९,७८७.६०. ते विक्रीही तेवढीच लिहायचे. चूक! विक्री १०,००० च, १८० खर्चात आणि ३२.४० ची वजावट जीएसटीच्या रिटर्नमध्ये घ्यायची. कंपोझिशनमध्ये, म्हणजे छोट्या व्यापाऱ्यांच्या ठोक जीएसटीच्या योजनेत, असाल तर ही वजावट नाही, म्हणजे पूर्ण २१२.४० खिशातून गेले असं समजा. काहीजण हे गिऱ्हाइकाकडून काढतात, "कार्डावर दोन टक्के जास्त पडतील" म्हणून. डेबिट कार्डावर तसं घ्यायला रिझर्व्ह बँकेची मनाई आहे. क्रेडिटच्या बाबतीत बँकेशी केलेला करार काढून वाचा, बहुतेकदा तिथेही मनाईच असते.

मग मशीन कोणाला? वडापाव, किराणा, झेरॉक्स, वह्या-पुस्तकं: नको. तिथे बिल शे-दोनशेचं, क्यूआर आणि शंभर-सव्वाशे रुपये भाड्याचा बोलका डबा पुरे. लग्नाचा बस्ता, फ्रिज, चष्मे, सोनं असेल तर ठेवा. व्हिसा आणि मास्टरकार्डची क्रेडिट कार्डं यूपीआयला जोडता येत नाहीत, आणि चाळीस हजारांचा बस्ता घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकाकडे बहुधा तीच असतात. हप्त्यांची सोयही मशीनवर मिळते. असं एक गिऱ्हाईक परत गेलं, तर बुडालेल्या नफ्यात मशीनचं कित्येक महिन्यांचं भाडं निघालं असतं.

परत आलेल्या मालाचंही बघा. बॅच बंद होण्याआधी व्यवहार मशीनवरच रद्द करता येतो. नंतर मात्र रिफंड करावा लागतो, त्याला काही दिवस जातात आणि तोवर गिऱ्हाईक तुम्हालाच फोन करतं. खात्यातून पैसे गेले पण दुकानात पावती आली नाही, असं झालं तर कार्ड असो की यूपीआय, पाच दिवसांत पैसे आपोआप परत व्हायला हवेत. उशीर झाल्यास रोजचे शंभर रुपये भरपाई, हा २०१९ चा नियम आहे. गिऱ्हाइकाला तो शांतपणे सांगा, पण पैसे आल्याची खात्री होईपर्यंत माल देऊ नका.

साडीवाल्यांकडे दोन मशिनं होती. तीन महिन्यांची बँकेची विवरणपत्रं समोर ठेवली, तर रोजच्या साड्यांच्या काउंटरवर क्रेडिट कार्ड आठवड्यातून एकदा-दोनदाच लागत होतं. ते मशीन परत गेलं. वरच्या मजल्यावरचं, बस्त्याच्या काउंटरचं राहिलं, आणि खाली कोणी कार्ड काढलंच तर मुलगा जिन्यावरून ते धावत घेऊन येतो.