नैतिकतेचा कोर्स, खरेदी विभागातून पाहिलेला

खरेदी विभागात एकोणीस वर्षं काढलेल्या माणसाला कुणी नैतिकता शिकवायला आलं की आधी कपाळाला आठी पडते. कंपनीने सक्ती केली म्हणून हा सहा आठवड्यांचा ऑनलाइन कोर्स केला. पाचपैकी साडेतीन तारे देतोय. त्यातले दोन एकट्या चौथ्या आठवड्याचे.

पहिले दोन आठवडे व्यवसायाच्या पर्यावरणाचे: राजकीय, आर्थिक, सामाजिक, तांत्रिक वगैरे. दीडपट वेगाने ऐका, काही बुडत नाही.

तिसऱ्यात मराठी सबटायटलवाल्याने घोळ घातलाय. 'स्टेकहोल्डर'ला सरसकट 'भागधारक'. अहो, भागधारक म्हणजे शेअरवाला! स्टेकहोल्डर म्हणजे कंपनीच्या कामाचा ज्याच्यावर बरावाईट परिणाम होतो असा कुणीही. इथे सगळा वादच या दोन शब्दांतल्या फरकाचा आहे. अर्थतज्ज्ञ मिल्टन फ्रीडमन यांनी 1970 मध्ये मांडलं की नियमांच्या चौकटीत राहून नफा वाढवणं हीच धंद्याची सामाजिक जबाबदारी. व्यवस्थापनाचे अभ्यासक एडवर्ड फ्रीमन यांनी 1984 मध्ये कामगार, पुरवठादार, ग्राहक, आसपासची वस्ती यांनाही हिशेबात धरलं. सबटायटलमध्ये दोघंही भागधारकांचीच बाजू घेतात. 'हितसंबंधी' म्हणा, नाहीतर सरळ स्टेकहोल्डर ठेवा. मी कळवलं. "नोंद घेतली आहे" असं उत्तर आलं, सबटायटल आहे तसंच.

चौथा आठवडा राणा प्लाझाचा. शिकवणाऱ्या बाई उपदेशाचा एक शब्द बोलत नाहीत, फक्त दोन दिवसांचा क्रम सांगतात. 23 एप्रिल 2013, ढाक्याजवळचं सावर. आठ मजली इमारतीला तडे दिसले. खालच्या बँकेने आपली माणसं घरी पाठवली, दुकानं बंद झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी वरच्या कपड्यांच्या कारखान्यांतल्या कामगारांना मात्र बोलावून घेतलं, पगार कापायची भीती घालून. इमारत बसली. 1,100हून जास्त माणसं गेली. एकच इमारत, तेच तडे. बँकेतल्या कारकुनाला घरी जाता आलं, शिलाई मशीनवरच्या बाईला नाही. इथे मी व्हिडिओ थांबवून पाणी प्यायला उठलो.

मग येते चार खान्यांची चौकट. उभी बाजू प्रभावाची, म्हणजे कंपनीवर कुणाचा किती जोर चालतो; आडवी स्वारस्याची, म्हणजे कंपनीच्या कारभारात कुणाचं किती अडकलंय. आपल्या कंपनीशी संबंधित माणसं माउसने ओढून योग्य खान्यात टाकायची. आम्हाला पॅकिंगचे खोके देणारा एक लहान पुरवठादार आहे. तिमाही संपताना बँकेतली शिल्लक भरलेली दिसावी म्हणून त्याची बिलं आम्ही पुढे ढकलतो. "साहेब आज नाहीत" हे फोनवर मीच सांगतो. त्याचा प्रभाव कमी, स्वारस्य भरपूर, म्हणून तो पडला 'माहिती देत राहा' या खान्यात. स्क्रीनवर हिरवी टिक आली: बरोबर!

दीड तारा कापला तो या हिरव्या टिकसाठी. आपल्याला कोण त्रास देऊ शकतो एवढंच ही चौकट मोजते. आपल्यामुळे कुणाला त्रास होतोय, त्याला खाना नाही. मिचेल, एगल आणि वुड या अभ्यासकांनी 1997 मध्येच प्रभावाच्या जोडीला मागणीचा रास्तपणा आणि निकड धरायला सांगितलं होतं. ते एक पान परिशिष्टात लपवलंय, मुख्य धड्यात हवं होतं.

पाचव्यात टायलेनॉल, म्हणजे जॉन्सन अँड जॉन्सनचं वेदनाशामक औषध. 1982 मध्ये शिकागो परिसरात कुणीतरी त्याच्या कॅप्सूलमध्ये सायनाइड मिसळलं, सात जण गेले, आणि कंपनीने सुमारे 3 कोटी 10 लाख बाटल्या परत मागवल्या. गोष्ट चांगलीच आहे. पण तो निर्णय सगळ्यात वरच्या खुर्चीतला. माझ्या टेबलावर बिलांचा ट्रे असतो, त्याबद्दल धड्यात अवाक्षर नाही.

शेवटच्या निबंधात खोकेवाल्याचंच प्रकरण लिहिलं. दहापैकी नऊ मिळाले, शेरा 'उदाहरण वास्तवदर्शी'. त्याच दुपारी त्याचा फोन आला. साहेब समोरच बसले होते. म्हटलं, "आहेत, देतो."