ट्रम्परचं लाइम कलोन : हिवाळा-उन्हाळा वापरल्यानंतर

सकाळी लावलेला वास संध्याकाळपर्यंत टिकायला हवा असेल, तर जॉर्ज एफ. ट्रम्परचं ‘एक्स्ट्रॅक्ट ऑफ लाइम्स’ हे लिंबाचं कलोन, म्हणजे अल्कोहोलमधलं हलकं अत्तर, घेऊ नका. आधीच सांगतो, कारण या कलोनवरची बहुतेक नाराजी तिथूनच सुरू होते. मी ते हिवाळाभर आणि उन्हाळाभर वापरलं, आणि मला मनापासून आवडलं.

ट्रम्पर हे लंडनच्या मेफेअरमधलं, कर्झन स्ट्रीटवरचं १८७५ पासूनचं केशकर्तनालय. गिऱ्हाइकाची दाढी करायची आणि घरी न्यायला आपलंच कलोन, साबण, क्रीम द्यायचं, ही तिथल्या जुन्या दुकानांची रीत. म्हणून हे कलोन दाढीनंतरचंच मानावं. तळहातावर घ्यायचं, गालांवर-मानेवर थापायचं. वस्तरा फिरलेल्या कातडीला अल्कोहोल झोंबतं, पण लगेच गारवाही वाटतो.

वास थेट सालीचा. कागदी लिंबाच्या सालीला नख लावल्यावर उडणारा हिरवा, किंचित कडवट फवारा अगदी तसाच, मागून थोडी गोडी. ज्या वेस्ट इंडियन लाइमच्या नावावर ही इंग्रजी कलोनं विकली जातात, ते आपल्या कागदी लिंबाच्याच जातीचं. त्यामुळे आपल्या नाकाला हा वास परका वाटतच नाही.

पहिली काही मिनिटं लख्ख, अर्ध्या तासात मवाळ आणि तासाभराने मनगट नाकाशी नेलं तरच जाणवतं. लिंबाच्या तेलात लिमोनीन हे वासाचं द्रव्य भरपूर, आणि ते भराभर उडून जातं. टिकवायचं तर खाली जड द्रव्यं घालावी लागतात, आणि मग निखळ लिंबू राहत नाही. मला निखळच हवं. रुमालावर शिंपडलं तर बराच वेळ साथ देतं.

ट्रुफिट अँड हिल या १८०५ सालच्या दुकानाचं ‘वेस्ट इंडियन लाइम्स’ही लावून पाहिलं. ते मला अधिक कोरडं, धारदार वाटलं. टिकाऊपणा हवा असेल त्यांनी पेनहॅलिगन्स या इंग्रजी सुगंधी कंपनीचं १९०२ सालचं ‘ब्लेनहाइम बुके’ पाहावं: वर लिंबू आणि लॅव्हेंडर, खाली पाइन आणि काळी मिरी. सलूनचा म्हणून जो वास ओळखला जातो, लॅव्हेंडर, ओकमॉस (ओकच्या झाडावरचं दगडफूल) आणि कूमरिन (वाळल्या गवतासारख्या गोड वासाचं द्रव्य) यांचा, तो तर वेगळ्याच घराण्यातला. १८६८ मध्ये रसायनशास्त्रज्ञ विल्यम पर्किनने कूमरिन प्रयोगशाळेत तयार केलं, आणि १८८२ मध्ये पॅरिसच्या हूबिगाँ या सुगंधी कंपनीच्या ‘फुजेर रॉयाल’ या अत्तराने त्याला सुगंधात मानाची जागा दिली. तो वास भारदस्त, पण उकाड्यात मला जड होतो.

एक काळजी कुठल्याही लिंबाच्या कलोनबाबत घ्या. साल दाबून काढलेल्या तेलात बरगॅप्टेन नावाचं द्रव्य असतं, आणि ते अंगावर असताना ऊन लागलं तर चट्टे उठू शकतात. ऊर्ध्वपातनाने काढलेल्या तेलात हा धोका नसतो, पण बाटलीत कोणतं आहे हे लेबलवरून बहुधा कळत नाही. म्हणून कडक उन्हात जायचं असेल तेव्हा मी ते रुमालावरच घेतो. बाटली बंद कपाटात ठेवा. उजेड आणि हवा लागली की लिंबाचं तेल खराब होतं, मग कातडीलाही त्रास देतं. याच कारणाने मोठी बाटली वर्षानुवर्षं पुरवत बसू नये. सढळ हाताने वापरावी, संपली की नवी आणावी.