वंशावळीच्या संकेतस्थळावर नऊ महिने : सम्राट एका रात्रीत, पुरावा मात्र सोळाव्या शतकापर्यंत

पत्नीची आजी मूळची इंग्लंडची. त्या घराण्याचा माग काढण्यासाठी नऊ महिन्यांपूर्वी मी एका वंशावळ-संकेतस्थळाची वार्षिक वर्गणी भरली. आजीचे आजोबा सुतार होते, एवढीच माहिती हाताशी होती. पहिल्याच रात्री संकेतस्थळाने सुचवलेले पूर्वज मी एकामागून एक स्वीकारत गेलो आणि पहाटेपर्यंत थेट ८१४ साली वारलेल्या, पश्चिम युरोपच्या शार्लमेन सम्राटापाशी जाऊन पोहोचलो. सुताराच्या घराला सम्राट लाभल्याचा आनंद जेमतेम आठवडाभर टिकला.

दुवे तपासायला घेतले तेव्हा सतराव्या शतकातील एका स्त्रीपाशी अडलो. तिचे वडील म्हणून एका जमीनदाराचे नाव दिले होते, पण पुरावा म्हणून खाली होत्या त्या केवळ इतर सभासदांच्या वंशावळी, आणि त्याही एकमेकींवरून उतरवलेल्या. त्या जमीनदाराला त्याच नावाची मुलगी होती खरी. मात्र ती लहानपणीच वारल्याची नोंद त्याच संकेतस्थळावरील दफनाच्या वहीत सापडली. त्या एका नोंदीने वरच्या सव्वीस पिढ्या गळून पडल्या.

हे असे का होते, ते पुढे उमगले. इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांच्या नोंदी ठेवण्याचा आदेश १५३८ साली निघाला आणि १५९८ मध्ये जुन्या कागदी वह्या चर्मपत्रावर उतरवण्यास सांगताना, निदान १५५८ पासूनच्या तरी उतरवाव्यात, असे ठरले. त्यामुळे पुष्कळ गावांच्या वह्या १५५८ पासूनच सुरू होतात. त्याआधीच्या काळात नाव उरते ते प्रामुख्याने जमीन, खटला किंवा मृत्युपत्र असलेल्याचे. कँटरबरीच्या धर्मन्यायालयातील मृत्युपत्रे १३८४ पासूनची आहेत, पण त्यांत सुतार क्वचितच भेटतो.

तारखांनीही मला चकवले. एका जोडप्याचा विवाह जून १६५० चा आणि मुलाचा बाप्तिस्मा फेब्रुवारी १६५० चा दिसल्यामुळे मी तो मुलगा वगळला होता. १७५२ पूर्वी इंग्लंडमध्ये कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू होत असे, म्हणजे तो फेब्रुवारी आजच्या हिशेबाने १६५१ चा, हे कळायला मला तीन आठवडे लागले. संकेतस्थळाने याबद्दल एका ओळीची सूचना दिली असती, तर तेवढे दिवस वाचले असते.

डीएनए चाचणीही करून पाहिली. दूरचे दोन चुलत नातेवाईक सापडले, त्यामुळे एकोणिसाव्या शतकातील एक दुवा पक्का झाला; मध्ययुगासाठी मात्र तिचा काही उपयोग झाला नाही. दहा पिढ्या मागे १,०२४ पूर्वज होतात आणि त्यांतील अनेकांच्या डीएनएचा एकही तुकडा आपल्यात उरलेला नसतो. केवळ आईकडून मुलीकडे किंवा वडिलांकडून मुलाकडे जाणारी सरळ रेषाच दूरवर टिकते, आणि तिचीही शाश्वती नाही. १४८५ साली मारल्या गेलेल्या इंग्लंडच्या तिसऱ्या रिचर्ड राजाचे अवशेष २०१२ मध्ये लेस्टरला सापडले, तेव्हा त्याच्या बहिणीच्या मातृवंशाशी ते जुळले. कागदोपत्री निर्दोष दिसणारा पितृवंश मात्र जुळला नाही. राजघराण्याची ही गत, तर सुताराच्या वंशावळीबद्दल मी किती ठामपणे बोलावे?

गंमत अशी की शार्लमेन बहुधा खरोखरच पूर्वज असावा. तीस पिढ्या मागे गेल्यास पूर्वजांच्या जागा शंभर कोटींहून अधिक होतात आणि तेवढी माणसे तेव्हा जगातच नव्हती. म्हणजे तीच माणसे अनेक वाटांनी पुन्हा पुन्हा येतात, आणि युरोपीय वंशाच्या जवळजवळ प्रत्येकाकडे त्यांतील एखादी वाट शार्लमेनपासून येत असणार. सिद्ध करता येत नाही ती नेमकी वाट.

मूळ पानांची सुस्पष्ट छायाचित्रे आणि एकाच आडनावाची वेगवेगळी स्पेलिंगे एकत्र शोधण्याची सोय, या दोन गोष्टींसाठी वर्गणी वसूल झाली असे मी म्हणेन. सुचवलेले पूर्वज दाखवणे मी दुसऱ्या महिन्यातच बंद केले. वर्गणीचे नूतनीकरण करणार नाही. वंशावळीची जेडकॉम फाइल (वंशावळ एका संगणक-कार्यक्रमातून दुसऱ्यात नेण्याचा प्रचलित नमुना) उतरवून घेतली, पण तिच्यात छायाचित्रे आली नाहीत, ती एकेक करून साठवावी लागली. आता सर्वांत वर १५९१ साली बाप्तिस्मा झालेला एक मुलगा आहे आणि त्याच्या आईच्या नावाची चौकट मी रिकामी ठेवली आहे, कारण वहीत फक्त वडिलांचे नाव लिहिले आहे.